लिचीच्या हंगामात मॉरिशसच्या वटवाघळांमागे

पहिला दिवस : व्हाक्वा

कोकणात कलमांच्या बागेजवळ वाढलेल्या माणसाला वाघूळ प्रथम ठाऊक होते ते नुकसान म्हणून. सकाळी झाडाखाली पडलेले अर्धवट चावलेले फळ, त्यावर बसलेल्या माश्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडची शिवी, एवढीच त्याची ओळख असते. त्यामुळे मॉरिशसच्या सरकारने आपल्याच बेटावरच्या, जगात इतरत्र जवळजवळ न आढळणाऱ्या वटवाघळांना लिची-आंब्याचे नुकसान करतात म्हणून हजारोंच्या संख्येने गोळ्या घातल्या हे वाचनात आले, तेव्हा हळहळ वाटण्याआधी त्या लिचीवाल्यांचे म्हणणे एकदा ऐकून घ्यावे असेच मनात आले. लिची नोव्हेंबरच्या अखेरीस पिकू लागते आणि डिसेंबरात बाजार लाल होतो, म्हणून प्रवासही याच दिवसांत आखला.

मुंबईहून थेट विमानाने सहा तासांच्या आसपास लागतात. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि तिथून मधल्या पठाराकडे निघाले की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस दिसतो. व्हाक्वा हे पठारावरचे गाव असल्यामुळे हवा किनाऱ्यापेक्षा बरीच थंड होती. माझा मुक्काम एका मराठी कुटुंबात होता. १८३४ नंतर मजुरीच्या करारावर हिंदुस्थानातून जे लोक इथे आणले गेले, त्यांत रत्नागिरीकडचेही बरेच होते आणि या घरातल्या काकांचे खापरपणजोबा त्यांपैकीच. घरातले सगळे एकमेकांशी क्रिओल या फ्रेंचवरून बनलेल्या इथल्या बोलीत बोलतात; काकांचे मराठी शाळेत शिकलेले असल्यामुळे माझ्यापेक्षा शुद्ध आहे आणि गणपतीच्या आरत्या तर त्यांना माझ्याहून अधिक पाठ आहेत.

परसात लिचीचे जुने झाड आहे, घराच्या छपराहून कितीतरी उंच. सूर्य मावळायच्या आधीच, अजून स्वच्छ उजेड असताना, पश्चिमेकडून एकेक करून वटवाघळे येऊ लागली. आपल्याकडे वाघूळ म्हणजे काळोख पडल्यावरचा प्राणी, पण इथे त्यांच्यावर झडप घालणारे मोठे शिकारी पक्षीच नसल्यामुळे ती दुपार कलताच खुशाल हिंडू लागतात. काकू अंगणातून ओरडल्या, "आल्या बघा सोव्हसुरी!" आणि त्यांनी पत्र्याचा डबा बडवायला घेतला. दोन वाघळे उडाली, चार बसूनच राहिली.

दुर्बिणीतून एकाचा चेहरा नीट पाहता आला. शास्त्रीय नाव प्टेरोपस नायजर, म्हणजे काळे, पण काळे आहेत ते पंख. डोके आणि खांदे पिवळसर तपकिरी, मानेभोवती दाट मऊ लव, डोळे मोठे आणि टपोरे. वजन जेमतेम अर्धा किलो आणि पंखांचा पसारा ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास. आपल्याकडचे मोठे वाघूळ याच्या दुपटीहून जड भरते. किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांसारखा आवाजाचा प्रतिध्वनी घेऊन ही हिंडत नाहीत. नाक आणि डोळे यांवरच त्यांचे सारे चालते, आणि पिकलेल्या लिचीचा वास लपून राहत नाही.

दुसरा दिवस : ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या

सकाळी काकांच्या पुतण्याने गाडीने पेट्रिनमार्गे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाच्या कड्यावर सोडले. हे उद्यान १९९४ साली घोषित झाले. साडेसहा हजार हेक्टरांचे हे क्षेत्र आणि बाहेरचे काही तुकडे मिळून या बेटाचे मूळ रान म्हणण्यासारखे जे काही आहे ते इथेच. चांगल्या स्थितीतले मूळ जंगल तर बेटाच्या क्षेत्रफळाच्या दोन टक्केही उरलेले नाही. कड्यावरून खाली पाहिले की सगळे हिरवेगार दिसते आणि प्रवासी खूश होतात. वाटेने आत शिरल्यावर मात्र कळते की या हिरव्यातले बरेचसे चिनी पेरूचे दाट रान आहे, इतके दाट की त्याखाली दुसरे रोप उगवणे कठीण. खलाशांनी शेकडो वर्षांपूर्वी आणलेली माकडे मूळ झाडांची फळे कच्ची असतानाच तोडून फेकतात, रानडुकरे खालची रोपे उकरतात.

दुपारी बाराच्या उन्हात दरीवर वटवाघळे तरंगत होती. पंख न हलवता, खालून वर येणाऱ्या गरम हवेवर ती घारीसारखी गोल फिरत होती आणि त्यांच्याच वर लांब पांढऱ्या शेपटीचे समुद्रपक्षी होते. उन्हात त्यांच्या पंखाचे पातळ कातडे लालसर दिसे व आतील बोटांची हाडे मोजता येत. एका फ्रेंच प्रवाशाने तर त्यांना गरुड समजून मुलाला दाखवले. मी काही बोलले नाही.

तिसरा दिवस : शामारेल

या प्रवासातला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. शामारेलजवळ एबनी फॉरेस्ट नावाचे खाजगी राखीव रान आहे, जिथे परदेशी झुडपे उपटून मूळ झाडे लावण्याचे काम चालते. नाव ज्या झाडावरून पडले ते एबनी म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या वंशातले. त्याच्या काळ्याभोर लाकडासाठी सतराव्या शतकात डचांनी इथली राने तोडली. वाटाड्या तरुण मुलगा होता, वनस्पतिशास्त्र शिकलेला. झाडांची फ्रेंच नावे तो सांगत गेला आणि मी मनातल्या मनात घरची नाती जुळवत गेले: हे जांभळाच्या वंशातले, हे बकुळीच्या, हे चिकूच्या कुळातले, हा उंबराचा भाऊबंद. कोकणातल्या देवराईत शिरल्यावर जे चेहरे दिसतात, त्यांचीच ही दूरची माणसे.

बकुळीच्या कुळातल्या एका मोठ्या झाडाखाली तो थांबला आणि त्याने पानाच्या कचऱ्यातून काहीतरी उचलून माझ्या समोर धरले. सुपारीएवढी, दोन्ही बाजूंनी चपटी केलेली तंतूंची वडी होती ती. वरच्या बाजूला टाळूच्या उंचवट्यांचे आडवे वळ स्पष्ट उमटलेले होते. फळाचा गर तोंडात घेऊन वाघूळ तो जिभेने टाळूवर दाबते, रस गिळते आणि उरलेला चोथा थुंकून टाकते. कोकणात काजूच्या बोंडांचा असला चोथा मी शेकडो वेळा पायाखाली तुडवला आहे, पण त्यातले वळ कधी पाहिले नव्हते.

या चोथ्यात बी नव्हते आणि तेच तो मला दाखवू पाहत होता. उंबरवर्गातल्या फळांचे बारीक बी रसाबरोबर पोटात जाते, अर्ध्या तासाच्या आतबाहेर शरीरातून निघते आणि तोवर वाघूळ दुसऱ्या डोंगरावर पोहोचलेले असते. मोठ्या बियांची फळे ते तोंडात धरून, भांडखोर शेजाऱ्यांपासून दूर दुसऱ्या झाडावर जाऊन खाते आणि बी तिथे टाकते. आईच्या सावलीतून बाहेर पडलेल्या बियांनाच वाढायला जागा मिळते, हे कोणत्याही बागायतदाराला सांगावे लागत नाही.

आता या बेटावर हे काम करायला आणखी कोण आहे? डोडो सतराव्या शतकातच संपला. फळे खाऊन बिया पसरवणारी मोठी कासवे माणसांनी जहाजांवर भरून नेली आणि तीही नाहीशी झाली. मोठ्या चोचीचा पोपट गेला. वटवाघळांच्याही दोन जाती इथे होत्या, त्यांतली लहान जात एकोणिसाव्या शतकात नामशेष झाली. मोठी फळे गिळू किंवा वाहून नेऊ शकणाऱ्या मूळ प्राण्यांपैकी मॉरिशसच्या रानात मोठ्या संख्येने उरलेले हे एकटे वाघूळ आहे. मॉरिशस विद्यापीठातले व्हिन्सेंट फ्लोरेन्स यांनी सहकाऱ्यांसह रानात केलेल्या अभ्यासातून हेच दाखवले की मूळ झाडांपैकी, आणि त्यातही उंच छत्र धरणाऱ्या झाडांपैकी, फार मोठा वाटा या एका प्राण्याच्या खाण्यात येतो. खुद्द बेटावर मात्र, वाटाड्याच्या म्हणण्याप्रमाणे, शाळेतली मुले डोडोचे चित्र काढतात आणि वाघळाला दगड मारतात.

चौथा दिवस : पोर्ट लुई

राजधानीत पाऊस आणि उकाडा एकदमच होता. निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयात डोडोचा प्रसिद्ध सांगाडा पाहिला. एटिएन थिरिऊ नावाच्या, निसर्ग-संशोधनाची हौस असलेल्या न्हाव्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधलेला, एकाच पक्ष्याच्या हाडांचा. हाडे पाहून मन फार भरले असे म्हणता येणार नाही.

मुख्य बाजारात मात्र पानांसकट बांधलेल्या लिचीच्या जुड्या होत्या आणि विक्रेत्यांकडे विषय काढायचा अवकाश, प्रत्येकाची तक्रार तयार. २०१५ साली नवा कायदा होऊन संरक्षित प्राण्यांचीही संख्या कमी करण्याची मुभा सरकारला मिळाली. त्या वर्षीच्या हंगामात तीस हजारांहून अधिक वटवाघळे मारली गेली आणि पुढच्या वर्षी आणखी सात हजारांवर. त्यानंतर २०१८ आणि २०२० सालीही मोहिमा झाल्या. दरम्यान २०१८ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाने या जातीला असुरक्षित गटातून काढून संकटग्रस्त गटात टाकले. मोहिमांचा हंगामही नेमका असा, की मादीच्या छातीला पिल्लू चिकटलेले असते. वाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू घालते, उंदरासारखी डझनभर नव्हे.

एक वयस्क फळवाला म्हणाला की इतकी मारली तरी लिची काही स्वस्त झाली नाही. फ्लोरेन्स आणि क्लॉडिया बैदर यांनी आकडेवारी तपासून तेच लिहिले आहे: कत्तलीनंतरही फळउत्पादकांचा नफा वाढला नाही.

पाचवा दिवस : उत्तरेकडची बाग

पाँपलमूसच्या पुढे एका लिची बागायतदाराकडे काकांनी ओळख काढून दिली होती. गृहस्थ साठीचे, तमिळ वंशाचे, बोलणे मोजके. त्यांची झाडे पाहून मी चकितच झाले, कारण ती पुरुषभर उंचीच्या थोडीच वर ठेवलेली होती आणि प्रत्येक ओळीवर खांबांच्या आधाराने ताणून जाळे टाकलेले होते. तोडणी झाली की लगेच छाटणी करतात आणि झाडाला वर जाऊ देत नाहीत. इथल्या बागांत आणि परसांत झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की आंबा असो की लिची, उंच झाडांवर वटवाघळांनी केलेले फळांचे नुकसान बुटक्या झाडांपेक्षा बरेच जास्त होते.  जाळे टाकलेल्या झाडांवर वाघळांचा उपद्रव कितीतरी पटींनी घटला. उरलेल्या नुकसानीत पक्षी आहेत, उंदीर आहेत, वारा आहे. पक्ष्यांची यादी बागायतदारांनी सांगितली तेव्हा हसू आवरले नाही, कारण साळुंकी, शिपाई बुलबुल आणि आपला हिरवा पोपट हे तिघेही माणसांबरोबर इथे आलेले आमचेच गाववाले निघाले.

बागेच्या टोकाला शेजाऱ्याचे एकच मोठे झाड होते आणि त्यावर कुणीतरी जुने, सैल जाळे नुसते फेकून दिले होते. त्यात एक मादी अडकली होती. बागेतल्या गड्याने हातांना जाड कातडी मोजे चढवले, तिच्यावर गोणपाट टाकले आणि कात्रीने एकेक धागा कापायला घेतला. अंगठ्याच्या वाकड्या नखीत तीन-चार फेरे बसले होते आणि पंखाच्या कातड्याला एका जागी बोटभर चीर गेली होती. ती ओरडत नव्हती, फक्त गोणपाटाबाहेर आलेले ओले नाक सारखे हलवत होती. गोणपाट थोडे सरकले तेव्हा काखेत तोंड खुपसून बसलेले पिल्लू दिसले, अंगावर लव कमी आणि डोळे मात्र आईएवढेच मोठे. गड्याने तिला झाडाच्या बुंध्याला लावले, तशी ती नख्या रोवत, पिल्लासकट, उलट्या पावली वर चढली आणि पानांत जाऊन लटकली. ताणून बसवलेल्या जाळ्याला वाघूळ आपटते आणि परत जाते, सैल जाळ्यात गुरफटते. त्यामुळे अनुदानाने नुसती जाळी वाटून भागत नाही, ती बसवण्याची मजुरीही धरावी लागते, असे बागायतदारांचे मत होते. ते मला पटले.

या दिवशी माझा निकाल झाला म्हणायला हरकत नाही. धंदा म्हणून लिची पिकवणाऱ्याने आपला बंदोबस्त केला आहे, निदान करता येतो हे दाखवले आहे. खरा राग आहे तो परसातल्या झाडाचा. आजोबांनी लावलेले चाळीस फुटी झाड, ज्यावर जाळे टाकायला शिडी पुरत नाही, ज्याची फळे विकायची नसतात तर नाताळापर्यंत नातेवाइकांना वाटायची असतात, ते रात्रीत रिकामे झाले की माणूस हिशेब करत नाही, मतपेटीकडे पाहतो. अशा घराघरांतल्या रागाला उत्तर म्हणून सरकारने बंदूक काढली. आपणही फार शहाणे नव्हतो: २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत आपल्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर आणि कावळ्यांच्या पंक्तीला, उपद्रवी म्हणून बसवलेली होती.

रात्री जेवताना काकांना दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सांगितलेली जुन्या हापूसची छाटणी समजावून सांगितली: उंच वाढलेले झाड खाली उतरवायचे, नव्या फुटीची विरळणी करायची, दोन-तीन वर्षे उत्पन्न सोडायचे आणि मग हाताला येणारे फळ घ्यायचे. काका विचारात पडले. काकूंनी मात्र आमटी वाढता वाढताच विचारले, "मग तीन वर्षं लिची बाजारातून आणायची का, ताई?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

सहावा आणि सातवा दिवस : रॉड्रिग्ज

मॉरिशसच्या पूर्वेला साडेपाचशेहून अधिक किलोमीटरवर रॉड्रिग्ज हे १०८ चौरस किलोमीटरचे बेट आहे; पंख्याच्या छोट्या विमानाने दीड तास लागतो. इथले वाघूळ वेगळ्या जातीचे, अंगाने लहान आणि रंगाने सोनेरी, प्टेरोपस रॉड्रिसेन्सिस. १९७०च्या दशकात रान तुटल्यामुळे आणि चक्रीवादळांच्या तडाख्यांमुळे यांची संख्या शंभराच्या आत आली होती. वादळाचा वारा जितका मारतो, त्याहून नंतरचे आठवडे मारतात, कारण झाडांवर एकही फळ उरत नाही आणि भुकेली वाघळे जमिनीवर उतरतात. १९७६ मध्ये प्राणिसंवर्धक जेराल्ड ड्युरेल इथे आले आणि काही वाघळे पकडून जर्सी बेटावर घेऊन गेले. तिथून पुढे अनेक प्राणिसंग्रहालयांत त्यांची पैदास झाली. ती पैदास रॉड्रिग्जमध्ये काही विपरीत घडलेच तर हाताशी असावी म्हणून होती. बेटावरची वाढ झाली ती झाडे लावून, पाणलोटाचे उतार राखून आणि शाळाशाळांतून सांगून. आज त्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली आहे.

सहाव्या दिवशी पोर्ट मातुरँला पोहोचायलाच दुपार झाली, त्यात पाऊस, त्यामुळे बाजारातले मध आणि मिरचीचे लोणचे एवढेच पदरात पडले. सातव्या दिवशी कास्काद पिजाँ या घळीत गेलो. सर्वांत वाईट काळात उरलेली वाघळे याच घळीत तग धरून होती. उतारावर मोठमोठी झाडे आणि त्यांच्या शेंड्यांवर शेकडो सोनेरी झुबके. ऊन तापले की ती एक पंख पसरून वारा घेतात, कुणी जवळ सरकले की कचकचून भांडतात, आणि खालून पाहणाऱ्याच्या डोक्यावर काय पडेल याचा भरवसा नसतो, म्हणून टोपी घालावी.

वाटेवर चिंचेची बोटुके पडलेली होती, कवच फोडलेली, गर चोखून घेतलेली आणि चिंचोके तसेच टाकलेले. इथल्या वाघळांच्या खाण्यात चिंच, आंबा आणि गुलाबजांबाचा वाटा मोठा आहे. यांतले एकही झाड या बेटाचे नाही, सगळी माणसांनी लावलेली. मूळ रान जवळजवळ संपले असताना याच परक्या फळझाडांनी त्यांना जगवले. मॉरिशसमध्ये ज्या झाडांपायी वाघळांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तसलीच झाडे रॉड्रिग्जमध्ये त्यांच्या उपयोगी पडली, हे पाहिल्यावर 'परकी झाडे वाईट' हे शामारेलला सरळ वाटलेले समीकरण थोडे ढिले करावे लागले.

आमच्या वाटाड्याच्या घरी आंब्याची दोन झाडे आहेत. वाघळांविषयी काय वाटते, असे विचारले तेव्हा तो म्हणाला की एकावर जाळे आहे, दुसऱ्यावर नाही. पोरांना कच्चे आंबे मिठाबरोबर खायला आवडतात, त्यामुळे पिकेपर्यंत दुसऱ्या झाडावर तसेही फारसे उरत नाही.